४११७ नंबरचे दोन ट्रे

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना तोंडावर सगळे 'सर' म्हणत आणि पाठ वळली की 'रीस्टार्टराव'. हे नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं. आधी त्यांना राग आला. मग त्यांच्या लक्षात आलं की ठेवणाऱ्याने ते उगाच ठेवलेलं नाही. चौदा वर्षांत त्या कारखान्यातून जेवढे फोन आले, त्यांतल्या निम्म्याहून जास्त फोनांना त्यांनी एकच उत्तर दिलं होतं: बंद करून परत चालू करा. तेही दारावर आलेल्या विक्रेत्याला 'नको' म्हणावं तशा आवाजात, समोरच्याचं पहिलं वाक्य पुरतं व्हायच्या आत.

रीस्टार्टरावांचा धंदा प्रोग्रॅम लिहिण्याचा. मोबाइलवरचे नाहीत, इंटरनेटवरचे नाहीत. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये एकदा उतरवायचे आणि मग वर्षानुवर्षं चालवायचे, असले. एके काळी त्यांच्याकडे अकरा गिऱ्हाइकं होती: एक छापखाना, एक शीतगृह, दोन ग्रंथालयं, एक गुरांचा दवाखाना आणि असेच कोणी कोणी. एकेकाने पाठ फिरवली. आता तीन उरली होती आणि त्यांतला हा काचांचा कारखाना सगळ्यांत मोठा. वय त्रेपन्न, पाठीला जरा बाक, शर्टाच्या खिशात पेनऐवजी स्क्रू-ड्रायव्हर आणि दोन पेनड्राइव्ह.

या धंद्यात माणसाचा स्वभाव बिघडतो, असं त्यांचं ठाम मत होतं. आपण लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या घरी शहाण्या मुलासारखा वागतो आणि गिऱ्हाइकाकडे गेला की त्याच्या अंगात येतं. कोणाचा पडदा इतका छोटा, की 'सेव्ह'चं बटणच खाली गडप होतं. कोणाच्या मशीनवर दशांश टिंबाच्या जागी स्वल्पविराम येतो आणि सव्वाचे सव्वाशे होतात. कोणाचा अँटिव्हायरस यांच्याच प्रोग्रॅमला चोर समजून रातोरात पुसून टाकतो. कोणी हौशी माणूस टापटीप म्हणून फोल्डरचं नाव बदलून 'नवीन' ठेवतो आणि सगळंच कोसळतं. आणि मग फोन.

"सर, काहीतरी लाल लाल आलं होतं."

"काय लिहिलं होतं त्यात?"

"वाचलं नाही. मी बंद केलं."

पंचवीस वर्षं हे ऐकल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. रीस्टार्टरावांचं फिरलं आणि तसंच राहिलं.

घरी ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. ताई दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. "आमच्या धाकट्याने लग्न नाही केलं, कीबोर्ड केला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि रीस्टार्टराव आतल्या खोलीतून ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. पाचेक आठवड्यांपूर्वी ताईने नवा चष्मा केला होता आणि तेव्हापासून तिचं एकच पालुपद चालू होतं.

"जिना वर येतो रे. पायरी जिथे दिसते तिथे नसतेच. पाय टाकला की पोटात खड्डा पडतो."

"नवीन नंबर आहे, ताई. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो."

"महिना होऊन गेला."

"अजून थोडे दिवस बघ."

ताई भिंतीला हात लावून जिना उतरायला लागली आणि रीस्टार्टरावांनी तो विषय आपल्यापुरता संपवला.

मंगळवारी सकाळी कारखान्याच्या मालकांचा फोन आला. मालक स्वतः फोन करतात तेव्हा एकतर कौतुक असतं नाहीतर कटकट, आणि कौतुकाचा फोन शेवटचा कधी आला होता ते रीस्टार्टरावांना आठवत नव्हतं.

"सर, छोटंसं काम आहे. टेबलावरच्या बाईंना मी शनिवारपासून टेबलावरून काढतोय."

टेबलावरच्या बाई म्हणजे कारखान्यात प्रोग्रॅम बसला त्या दिवसापासून त्याच्यासमोर बसलेल्या बाई. गावभरच्या चष्म्याच्या दुकानांतून फ्रेमा यायच्या, सोबत डोळ्यांच्या नंबरची चिठ्ठी. बाई ती चिठ्ठी कॉम्प्युटरवर चढवायच्या, सेव्ह करायच्या, की छपाईच्या छोट्या यंत्रातून जॉब नंबरचं लेबल बाहेर यायचं; नुसतं लेबल काढायचं वेगळं बटणही होतं. ते लेबल ट्रेला लावायचं, ट्रे आत जायचा. आतला कारागीर आपल्या पडद्यावर तो जॉब नंबर टाकायचा आणि पडदा सांगेल त्या नंबरची काच घासायचा. चौदा वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

"दीड महिन्यात सव्वीस चष्मे परत आले," मालक म्हणाले. "भलत्याच नंबराचे. दर वेळी मी कॉम्प्युटरवर दुकानाच्या नावाने शोधतो, तर ऑर्डरचा पत्ताच नाही. म्हणजे बाईंनी ती चढवलेलीच नाही, नुसतं लेबल काढून चिकटवलंय. त्या म्हणतात, मी चढवली होती. मग ती गेली कुठे? सॉफ्टवेअर काय ऑर्डरी खातं? तुम्ही एकदा या, तपासा, आणि लिहून द्या की सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही. म्हणजे विनाकारण काढलं असं मला कोणी म्हणायला नको."

"काढणार म्हणजे काय करणार?"

"पॅकिंगला उभं राहायचं सांगितलंय."

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. पंधरा मिनिटांच्या वर त्यांना उभं राहवत नसे. पॅकिंगचं काम दिवसभर उभ्याने करायचं असतं. म्हणजे घरी जा, एवढंच ते होतं, आणि हे मालकांनाही कळत होतं, बाईंनाही कळत होतं.

"येतो मी," रीस्टार्टराव म्हणाले. तासाभराचं काम, असं त्यांना वाटलं.

बुधवारी ते गेले. बाई खुर्ची सोडून बाजूच्या स्टुलावर बसल्या. पन्नाशी उलटलेल्या, केस घट्ट बांधलेले, चष्मा साखळीला अडकवून गळ्यात. त्यांनी 'या सर' म्हटलं आणि माउस त्यांच्याकडे सरकवला. रीस्टार्टरावांनी स्वतःच्या हाताने साठ ऑर्डरी चढवल्या. खोट्या दुकानांच्या, खोट्या नंबरांच्या. साठच्या साठ जागेवर. एकीलाही धक्का नाही.

"बाई, लेबल काढायच्या आधी तुम्ही सेव्ह दाबता ना?"

"दाबते."

"नक्की?"

"सर, चौदा वर्षं दाबतेय."

घरी येऊन त्यांनी आणखी एक प्रयोग केला. स्वतःच्या मशीनवर हजार ऑर्डरी आपोआप चढवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि दुपारभर तो चालवला. हजारातली एकही हरवली नाही. "माझ्याकडे तर चालतंय," ते मोठ्याने म्हणाले, खोलीत कोणी नसताना. या धंद्यातले लोक हे वाक्य सुटल्यासारखं म्हणतात. खरं तर तिथेच घाबरायला हवं.

मालकांसाठी पत्र लिहायला ते बसले. 'सदर सॉफ्टवेअरची तपासणी केली असता' एवढं लिहून झालं आणि पुढे हात चालेना. माणूस विसरतो. एकदा, दोनदा, पाचदा विसरतो. चौदा वर्षांत न विसरलेली बाई दीड महिन्यात सव्वीस वेळा विसरते, हे गणित त्यांच्या गळी उतरत नव्हतं. आणि दुसरीकडे सॉफ्टवेअरात काही सापडतही नव्हतं. दोन्ही बाजूंनी भिंत. त्यांनी चहाचा कप आदळला, तो फुटला नाही, याचाही त्यांना राग आला.

"काय झालं?" ताईने बाहेरून विचारलं.

"काही झालं नाही, हेच तर झालंय."

गुरुवारी ते सकाळी नऊलाच कारखान्यात हजर झाले आणि बाईंना म्हणाले, "आज तुम्हीच बसा. मी मागे बसतो. मी नाहीच असं समजून काम करा."

मागे कोणी बसलेलं असताना तो नाही असं समजून काम करणं कोणाला जमलंय? बाईंचे हात आखडले. एकेक आकडा त्या दोनदा वाचत होत्या. मागून रीस्टार्टराव खुर्चीत चुळबुळत होते. पडद्यावरचे रकाने त्यांनीच मांडले होते, आणि आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की उजवा डोळा आणि डावा डोळा यांच्यामध्ये बाईंना माउस उचलून अर्धा पडदा ओलांडावा लागतो. दिवसाला शंभर वेळा. कोणी कधी सांगितलं नाही, असं ते मनात म्हणाले, आणि लगेच त्यांना वाटलं, सांगितलं असतं तरी आपण काय म्हणालो असतो?

साडेअकराच्या सुमारास ते झालं.

बाईंनी सेव्ह दाबलं आणि खिडकी पांढरी पडली. माउसच्या जागी ते गोल गोल फिरणारं चक्र. लेबल नाही, आवाज नाही. हँग. रीस्टार्टराव पुढे सरकले. बाई मात्र जराही गडबडल्या नाहीत. त्यांनी पांढरी पडलेली खिडकी खाली ढकलली, डेस्कटॉपवरच्या चित्रावर डबल क्लिक केलं, प्रोग्रॅमची दुसरी खिडकी उघडली आणि पुढच्या दुकानाची चिठ्ठी हातात घेतली.

"थांबा. हे काय केलंत?"

"दुसरं उघडलं."

"का?"

"हँग झालं ना पहिलं. ते सुटेल थोड्या वेळाने. तोवर यात करायचं."

"असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा चालली आहे की काय, अशा नजरेने. "तुम्हीच."

"मी? मी असं सांगणं शक्य नाही. मला काय वेड लागलंय?"

बाईंनी ड्रॉवर उघडला. आत गम, कात्री आणि औषधाची पट्टी, आणि त्यांच्याखाली जाड पुठ्ठ्याची एक वही. त्या पानं उलटत गेल्या आणि एका पानावर बोट ठेवून त्यांनी वही रीस्टार्टरावांपुढे सरकवली.

अक्षर शाळेतल्या फळ्यावर असतं तसं गोल, सुटं. तारीख दीड महिन्यापूर्वीची, वेळ सकाळी ११.२०. खाली लिहिलं होतं: 'सर म्हणाले, हँग झालं तर होऊ द्या. बंद करून ऑर्डर जात असेल तर बंद करू नका. दुसरं उघडा आणि त्यात काम करा. पहिलं आपोआप सुटेल. प्रत्येक वेळी फोन करू नका.' शेवटच्या वाक्याखाली बाईंनी रेघ मारली होती.

रीस्टार्टरावांना आठवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या बाहेरची रांग. ताईचा नंबर तपासायचा होता, आत बोलावणं येतच नव्हतं, आणि त्या सकाळी या बाईंचा तो चौथा फोन होता. त्याच्या दोनेक आठवडे आधी मालकांनी ऑर्डरींची फाइल ठेवलेलं मशीन वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत नेलं होतं. वायर जिन्याखालून गुंडाळून नेलेली, कुठेतरी ढिली. ती मध्येच तुटायची, मध्येच जुळायची, आणि तेवढा वेळ बाईंची खिडकी पांढरी पडून वाट बघत बसायची. ही वायर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. त्याचा इथे काय संबंध, म्हणून सोडून दिली होती.

"वही मला जरा देता?" ते म्हणाले.

"घ्या की. तुमचंच आहे सगळं."

चौदा वर्षांचं होतं. पहिल्या पानापासून. 'सर म्हणाले, बंद करून परत चालू करा.' 'सर म्हणाले, प्रिंटरची वायर काढून लावा.' 'सर म्हणाले, ते तसंच असतं.' 'सर म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं, मालकांना द्या.' रीस्टार्टरावांनी ते शेवटचं दोनदा वाचलं. बाईंनी तेही कामाची सूचना समजून तारखेसकट उतरवून घेतलं होतं. त्यांचे कान तापले. इथून उठून सरळ घरी जावं असं त्यांना मनापासून वाटलं.

ते उठले नाहीत. लॅपटॉप काढून त्यांनी त्या प्रोग्रॅमचं पोट उघडलं, आणि आता काय शोधायचं ते माहीत असल्यामुळे ते दहा मिनिटांत सापडलं.

प्रोग्रॅम लिहिताना त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: एक टेबल, एक माणूस, एक खिडकी. दुसरी कोणी उघडेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यामुळे दुसरी खिडकी उघडली की ती फाइलीतला शेवटचा जॉब नंबर बघायची आणि पुढचा घ्यायची. पहिली खिडकी तोच नंबर घेऊन अडकून पडलेली आहे, हे तिला कोण सांगणार? वायर जुळली की दुसरीची ऑर्डर त्या नंबरावर लिहिली जायची. मग पहिली शुद्धीवर यायची आणि आपली ऑर्डर त्याच नंबरावर लिहायला जायची. फाइल नकार द्यायची. या नंबराची ऑर्डर आधीच आहे, असं स्पष्ट सांगायची.

आणि तिथे रीस्टार्टरावांच्या स्वतःच्या हातच्या तीन ओळी होत्या. आठ वर्षांपूर्वीच्या. तेव्हा जरा काही खुट्ट झालं की पडद्यावर एररची चौकट यायची आणि लगेच फोन वाजायचा. फोनांनी त्यांच्या नाकी नऊ आले होते. म्हणून एका दुपारी वैतागून त्यांनी ठरवलं, की कुठलीही एरर आली तरी प्रोग्रॅमने ती गिळायची, काही दाखवायचं नाही, आणि पुढे जायचं. फोन खरोखरच कमी झाले होते. प्रोग्रॅम सुधारला, असं मालक म्हणाले होते, आणि यांनी ते ऐकून घेतलं होतं.

म्हणजे फाइल सांगत होती, प्रोग्रॅम गिळत होता, आणि पुढे जाऊन लेबल छापत होता. एकाच नंबराची दोन लेबलं, दोन ट्रे. आतला कारागीर दोन्ही ट्रेंना एकाच ऑर्डरच्या काचा बसवायचा. एकाला बरोबर, दुसऱ्याला परक्याच्या. आणि त्या दुसऱ्याची ऑर्डर कुठेच नाही. बाईंनी चढवलेली, सेव्ह केलेली, आणि तरी नाही.

"बाई," ते म्हणाले, "एकच नंबर दोनदा छापला जातोय, हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही?"

बाईंनी वहीचं पुढचं पान उलटलं. तारीख मघाच्या नोंदीनंतर चार दिवसांची. '४११७ नंबर दोनदा आला. दोन ट्रे. सरांना विचारलं. सर म्हणाले, असं होऊच शकत नाही.'

"मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतक्या ठामपणे म्हणालात."

रीस्टार्टरावांनी फाइलीतली ४११७ ची ऑर्डर उघडून पाहिली. नदीपलीकडच्या एका दुकानाची होती, दोन्ही डोळे साडेतीन. दुसरा ट्रे कोणाचा होता, ते फाइल सांगू शकत नव्हती. त्यांनी आकडा हातावरच लिहून घेतला आणि संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांचं तोंड एवढंसं झालेलं होतं.

ताई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होती. चष्मा कपाळावर ढकललेला, कागद नाकाशी धरलेला. ते तिच्या शेजारून आत गेले, आणि परत बाहेर आले.

"ताई, तुझ्या नव्या चष्म्याची डबी कुठाय?"

"कपाटात. का?"

डबीच्या आतल्या बाजूला ट्रेवरून काढून चिकटवलेलं कारखान्याचं लेबल होतं. छोटं, पांढरं, एक कोपरा उचकटलेला. ४११७. खाली ताईने चष्मा केला त्या दुकानाचं नाव. डॉक्टरांची चिठ्ठी डबीतच घडी करून ठेवलेली होती. दोन्ही डोळे, अडीच.

रीस्टार्टराव पलंगाच्या कडेवर बसले. गावात एवढे डोळे, एवढे चष्मे, आणि तो नेमका यांच्याच घरात यावा, याची चीड यायला हवी होती. पण चीड कोणावर काढायची, तेच कळेना. महिनाभर ताई भिंत धरून जिना उतरत होती. महिनाभर ती सांगत होती. तिनेही पहिलं वाक्य म्हटलं होतं, आणि तिलाही त्यांनी पुढचं बोलू दिलं नव्हतं.

"ताई, हा चष्मा तुझा नाहीये."

"मी तेच म्हणत होते," ताई म्हणाली. "तू म्हणालास सवय होईल." मग नर्सच्या जुन्या आवाजात, "दवाखान्यात असं होतं. दुखतंय म्हणणाऱ्याला सगळे म्हणतात, काही नाही होत. मीही म्हणायचे." ती वर्तमानपत्राची घडी घालत राहिली. तिने ओरडून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दहा वाजता ते मालकांच्या खोलीत गेले. रिकाम्या हाताने. मालकांनी पत्रासाठी हात पुढे केला होता.

"पत्र नाही. दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि बाईंनी जे केलं ते मी सांगितलं म्हणून केलं. त्यांच्या वहीत तारखेसकट आहे." मग त्यांनी सगळं सांगितलं: वायर, दोन खिडक्या, तीन ओळी, ४११७ बद्दल विचारल्यावर आपण काय म्हणालो तेही. सांगताना त्यांना जाणवत होतं की एकेक वाक्याबरोबर आपण आपल्या हाताने आपलं गिऱ्हाईक घालवतोय. 'वायर तुम्हीच हलवलीत' असं म्हणून अर्धं खापर मालकांवर फोडता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण वायर कुठेही ढिली असते. त्यासाठी तर प्रोग्रॅम लिहिणारा असतो.

मालकांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. "दीड महिना मी त्या बाईंना सगळ्यांदेखत बोलतोय, सर."

"हो."

"सव्वीस वेळा."

"हो."

"बाई राहतील टेबलावर. मी त्यांच्याशी बोलतो." पेन्सिल खाली ठेवली. "पण तुमचं सॉफ्टवेअर मी नाही ठेवत. ते इंटरनेटवालं घेतो. बसवायला महिना लागेल म्हणतात. तेवढा महिना काढून द्या, एवढं करा."

रीस्टार्टरावांनी मान हलवली. हे होणार, हे ते जिना चढतानाच जाणून होते. चौदा वर्षांचं काम, सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक, आणि ते गेलं ते कुठल्या अवघड कोड्यापायी नाही. नवशिक्यालाही पहिल्या महिन्यात शिकवतात अशा दोन गोष्टींपायी: एका वेळी एकच खिडकी उघडू द्या, आणि एरर गिळू नका.

शनिवारी ते दुरुस्तीला बसले. महिन्याभराने कचऱ्यात जाणाऱ्या प्रोग्रॅमवर एवढी मेहनत कोण घेतं? ते घेत होते, आणि स्वतःवर चरफडतही होते. खिडकी आता एकच उघडेल, दुसरी उघडायला गेलं तर पहिलीच पुढे येईल. सेव्ह करायचं काम मागच्या मागे चालेल, खिडकी पांढरी पडणार नाही. जॉब नंबर फाइलीतूनच मिळेल, आणि ऑर्डर लिहिली गेल्याशिवाय लेबल छापलं जाणार नाही. डाव्या डोळ्याचा रकाना त्यांनी उजव्याच्या शेजारी आणला. मग त्या तीन ओळी खोडल्या आणि तिथे चौकट दाखवायची ठरवली. तिच्यात काय लिहायचं यावर त्यांचा सगळ्यांत जास्त वेळ गेला. 'अज्ञात त्रुटी' लिहिलं, खोडलं. 'नोंद अयशस्वी' लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं: 'ही ऑर्डर अजून सेव्ह झालेली नाही. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही. ट्रे बाजूला ठेवा.'

बाई स्टुलावर बसून बघत होत्या. मालक सकाळी त्यांच्याशी बोलून गेले होते. काय बोलले, ते बाईंनी सांगितलं नाही. डोळे जरा सुजलेले होते.

"मग आता हँग झालं तर काय करायचं?" त्यांनी वही उघडली, तारीख घातली आणि पेन धरून थांबल्या.

"हँग होणार नाही."

पेन तसंच थांबलेलं होतं.

"झालं तर," रीस्टार्टराव म्हणाले, "मला फोन करायचा."

बाईंनी ते लिहिलं. मग मागची पानं उलटून रेघ मारलेलं ते वाक्य काढलं, दोन्ही पानांकडे आळीपाळीने पाहिलं. "आणि हे?"

"ते खोडा."

"खोडत नाही मी वहीत," बाई म्हणाल्या. "असू दे."

सोमवारी साडेदहाला फोन वाजला. पडद्यावर कारखान्याचा नंबर. ताईचा नवा चष्मा यायचा होता, तिला घेऊन दुकानात निघायचं होतं, एक पाय चपलेत होता. रीस्टार्टरावांनी फोन कानाला लावला.

"सर, ते लेबल छापताना ना..."

"बंद करून," असं त्यांच्या तोंडातून गेलंच. चौदा वर्षांची जीभ. त्यांनी ती चावली, चपलेतला पाय काढला आणि जिन्याच्या पायरीवर बसले. "नाही. सांगा. काय होतंय लेबल छापताना?"

पलीकडे शांतता होती. फोन तुटला असं त्यांना वाटलं. तुटला नव्हता. मागे काच घासल्याचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत बाईंना एका वाक्याच्या पुढे बोलायची वेळच आली नव्हती, त्यामुळे पुढचं वाक्य त्यांनी तयारच ठेवलेलं नव्हतं.

"घाई नाही, बाई," रीस्टार्टराव म्हणाले. "आठवून सांगा."

ताई भिंतीला हात लावून एक पायरी खाली आली आणि त्यांच्याशेजारी बसली.